बीट विकत मिळते, हक्क वाचून घ्यावे लागतात

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडली, की अनेक पदांच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून मूळ गाण्याचा उल्लेख छापलेला दिसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’ने साकी, दिंडी, लावणी असे रुळलेले बंध रंगभूमीसाठी वापरले. तयार संगीतावर शब्द बसवणं म्हणजे उसनवारी, असं तेव्हा कुणी मानलं नाही. आजचा रॅपर इंटरनेटवर बीट, म्हणजे तयार वाद्यसंगीताचा तुकडा, शोधून तिच्यावर ओळी बांधतो, तेव्हा तोही याच परंपरेत बसतो. मात्र चालीचा उगम तेव्हा छापला जाई. आज बीट बनवणाऱ्याचं नाव सर्रास गळतं. आपल्या स्वतंत्र संगीताचं खरं दुखणं इथं आहे.

तयार बीटचे उपकार मोठे आहेत. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 मध्ये ‘आफत’ हे गाणं केलं ते आयपॅडवर, इंटरनेटवरून घेतलेल्या बीटवर. भोपाळजवळच्या मंडीदीपसारख्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून गाणं बांधू पाहणाऱ्या मुलालाही आज वादकांचा ताफा किंवा मुंबईचा स्टुडिओ लागत नाही.

पण सोयीबरोबर एकसुरीपणाही आला. बड्या कलाकाराच्या धाटणीची नक्कल करणारी ‘टाइप बीट’ सगळीकडे विकली जाते. तोच घुमणारा 808 बेस आणि तेच थरथरणारे हाय-हॅट कानावर आदळतात; शब्द मराठी असले तरी खालची जमीन परकीच राहते. हलगी, संबळ, ढोलकी यांचा ठेका दिसला तरी बहुधा सजावटीपुरता. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 2024 चं ‘तांबडी चामडी’ वेगळं ठरलं, कारण तिथं हाऊस संगीत आणि मराठी बोली एकमेकांसाठी घडवल्यासारखी वाटतात. शिवाय संगीत निर्मात्याचं, म्हणजे क्रेटेक्सचं, नाव गायकाच्या बरोबरीने गाण्यावर आहे.

बीटचा बाजार मुख्यतः दोन प्रकारांनी चालतो. लीज स्वस्त असते, पण तीच बीट इतरांनाही विकली जाते आणि स्ट्रीमची संख्या, मुदत, व्हिडिओ यांवर मर्यादा असतात. एक्सक्लुझिव्ह परवाना महाग असतो. त्यानंतर ती बीट सहसा दुसऱ्याला विकली जात नाही. तरीही मालकी हाती आली का, हे करारच ठरवतो. ‘फ्री’ लिहिलेली बीट तर अनेकदा कमाई न करण्याच्या अटीवरच फुकट असते.

अमेरिकन रॅपर लिल नास एक्सने ‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्याची बीट यंगकिओ या डच तरुणाकडून अवघ्या 30 डॉलरना घेतली. 2019 मध्ये ते गाणं बिलबोर्डवर 19 आठवडे अव्वल राहिलं. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या 2008 च्या रचनेचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, होता. त्याचा हक्क रीतसर मिळवावा लागला आणि मूळ रचनाकारांची नावं श्रेयात आली. म्हणजे बीटचे पैसे भरले, तरी तिच्यातल्या सॅम्पलचा प्रश्न उरतोच.

आपला कॉपीराइट कायदा (1957) परवान्यांबाबत स्पष्ट आहे. परवाना लेखी हवा. ‘वापर रे भावा’ पुरत नाही. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणं मात्र अपलोड होताच जगभर पोहोचतं. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळ दिलं. आयपीआरएससारखी संस्था ती गोळा करून वाटते. या तरतुदी बीटमेकरच्या उपयोगाच्या आहेत, पण त्यासाठी संगीतकार म्हणून त्याचं नाव नोंदलेलं हवं.

कागदपत्रांचा हा प्रश्न थेट कलेशी जोडलेला आहे. ज्याला एकदाच ठरावीक रक्कम मिळते आणि ज्याचं नाव पुसलं जातं, तो निर्माता खपणारी नक्कलच करणार. हलगीवाल्याला बोलावून, महिनाभर खपून नवा नाद घडवण्याची उमेद त्याला गाण्यात वाटा असेल तरच येईल. म्हणून मराठीत गाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: बीट घेताना मुदत, प्रदेश, स्ट्रीमची मर्यादा, सॅम्पल आणि रॉयल्टीचा वाटा लिहून घ्या, आणि गाणं प्रसिद्ध करताना बीट घडवणाऱ्याचं नाव आपल्या नावाशेजारी लावा.