फोटोतली माणसे आणि त्यांची नावे

आम्ही डीमनहून लिहीत आहोत. डिमोना नव्हे, डीमन. अॅमस्टरडॅमला अगदी खेटून असलेले हे लहानसे डच गाव आहे. विषय मात्र दोन्हीकडच्या घरांत सारखाच आहे : कुटुंबाचा काळा-पांढरा फोटो.

अलीकडे आपल्या समाजात या फोटोची हौस पुन्हा वाढली आहे. मेंदी असो, बार मित्स्वा असो, आजीचा ऐंशीवा वाढदिवस असो. मोबाइलवर काढलेला रंगीत फोटो एका टिचकीत करडा करायचा आणि ‘जुन्या काळासारखा’ म्हणून सर्वांना पाठवायचा. हौस चांगली आहे. पण त्यातून निघालेले बहुतेक फोटो आम्हाला अपुरे वाटतात. रंग गेला की उजेड, माणसांची मांडणी आणि नजर एवढेच उरते. नवशिका नेमका याच तीन गोष्टींकडे लक्ष देत नाही. चौथी एक गोष्ट फोटोच्या मागच्या बाजूला असते. तिच्याकडे तर कोणीच लक्ष देत नाही.

हे समजण्यासाठी इथल्या एका फोटोग्राफर बाईंचे काम पाहावे. आनेमी वोल्फ आणि त्यांचे पती हेल्मुट 1933 मध्ये म्युनिक सोडून अॅमस्टरडॅमला आले. हेल्मुट यहुदी होते, आनेमी नव्हत्या. मे 1940 मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा दोघांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. हेल्मुट गेले, आनेमी वाचल्या. त्यांनी धंदा पुढे चालू ठेवला. 1943 साली, यहुद्यांना पकडून नेण्याचे काम जोरात असताना, शेजारपाजारची माणसे त्यांच्याकडे फोटो काढून घ्यायला येत होती. आनेमी 1994 मध्ये वारल्या. 2008 मध्ये सिमॉन कोल या डच अभ्यासकाला त्या वर्षाचे सुमारे शंभर रोल सापडले. त्यांत साधारण 440 माणसे आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी यहुदी आहेत.

हे फोटो पाहणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो त्यांच्या साधेपणाचा. मागे देखावा नाही, नाटकी सावल्या नाहीत. माणूस निवांत बसलेला आहे, पुष्कळदा हसतो आहे. कोणाच्या छातीवर मे 1942 पासून सक्तीचा झालेला पिवळा तारा आहे, कोणाच्या नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत तो तारा करडाच दिसतो. आधी चेहरा दिसतो आणि तारा मागाहून. आमच्या मते हेच या कामाचे मोठेपण आहे. बाहेर ज्या माणसाला एक खूण म्हणून मोजले जात होते, त्याला इथे माणूस म्हणून बसवले आहे. एकाच माणसाचे दोन-चार फोटोही आहेत. पहिल्या फोटोत अवघडलेला माणूस पुढच्या फोटोत मोकळा होतो. घाई न करणे हा या बाईंचा पहिला धडा.

एक उणीवही सांगायला हवी. साध्या पडद्यापुढे घर दिसत नाही. खुर्ची, खिडकी, भिंत, जेवणाचे टेबल काहीच नाही. माणसाचा चेहरा राहिला, त्याचा संसार राहिला नाही. स्टुडिओच्या फोटोची ही मर्यादा आहे, आणि घरी फोटो काढणाऱ्या नवशिक्याची सोय नेमकी इथेच आहे. भिंतीवर एलियाहू हानाबीची तसबीर असेल तर ती फोटोत येऊ द्या. फक्त ती कोणाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसू नये.

आता आपल्या जुन्या मुंबईच्या फोटोंकडे वळू. त्यांचा साचा सर्वांना पाठ आहे. वडीलधारे खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. सुना आणि लेकी मागे नऊवारीत. मुले पुढे सतरंजीवर. हसू कोणाच्याच चेहऱ्यावर नाही. याला नुसते ताठर म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. सुरुवातीच्या काळात प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. हलले की चेहरा पुसट, म्हणून मानेमागे लोखंडी आधारही लावत. पुढे प्लेटा जलद झाल्या, पण ताठ बसण्याची शिस्त राहिली. 1928 मध्ये व्हिक्टर ससून यांनी बॅलार्ड इस्टेटमध्ये हॅमिल्टन स्टुडिओ काढला, तोपर्यंत ताठ बसण्याची गरज कधीच संपली होती.

त्या साच्यात एक गुण होता : कोण कोणाचे हे मांडणीवरून कळत असे. आजच्या फोटोत सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे. उंच कडेला, बुटके मध्ये. ही मांडणी उंचीची झाली, नात्याची नव्हे. उत्तम मांडणी पाहायची असेल तर अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये रेम्ब्रांटचे 1662 चे कापड तपासनिसांचे चित्र पाहावे. (हाच रेम्ब्रांट डीमनच्या बाजूला येऊन इथली रेखाटने करी.) सहा माणसे, एक टेबल. तरी डोकी एका रेषेत नाहीत, कारण एक जण खुर्चीतून अर्धवट उठतो आहे. क्ष-किरणांनी तपासल्यावर दिसले की रेम्ब्रांटने काही माणसांच्या जागा काम चालू असताना बदलल्या होत्या. रेम्ब्रांटला माणसे हलवून पाहावी लागली, तर आपल्याला पहिल्या फटक्यात जमेल अशी अपेक्षा कशाला?

म्हणून नवशिक्याने आधी आजी-आजोबांना बसवावे आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती नात्याने गोळा करावे. नातू आजीच्या हाताशी, लेक वडिलांच्या खांद्यामागे. कोणी बसलेले, कोणी उभे, कोणी वाकलेले, म्हणजे डोकी वरखाली होतात आणि नजर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हातांना काम द्यावे. रिकामा हात नेहमी अवघडतो. मोबाइल तोंडाशी नेऊ नये, कारण त्याची रुंद भिंग कडेच्या माणसांना फुगवते. दोन-तीन मीटर मागे सरावे आणि बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे. कॅमेरा असेल आणि माणसे दोन ओळींत असतील तर एफ 8 च्या आसपास ठेवून पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर नेम धरावा.

उजेड खिडकीचा घ्यावा, तोही बाजूने. छतावरचा दिवा डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो, म्हणून तो बंद करावा. आपली माणसे एकत्र जमतात ती बहुधा शब्बाथला, आणि तेव्हा कॅमेरा हातात घ्यायचा नाही. मग शुक्रवारी दुपारी, दिवे लावण्याच्या बऱ्याच आधी फोटो उरकावा. इथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे उशीर चालतच नाही.

कपड्यांचे गणित वेगळे आहे. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांपासून कितीही दूर वाटले, तरी काळ्या-पांढऱ्यात दोन्ही जवळजवळ एकच करडा होऊ शकतात. मग लाल साडीतली आई आणि तिला टेकलेली हिरव्या झग्यातली मुलगी एकमेकींत विरघळतात. त्यांच्यामध्ये फिकट कपड्यातले कोणीतरी बसवावे. फोटो रंगीतच काढावा आणि नंतर करडा करताना लाल व हिरव्याची उजळी वेगवेगळी करून पाहावी. जुन्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. पणजीचा लाल शालू आल्बममध्ये काळा दिसतो आणि आपल्या पूर्वजांचे वर्ण होते त्याहून सावळे दिसतात, त्याचे कारण हेच. फोटोवरून त्यांच्या रंगाची चर्चा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

राहिली चौथी गोष्ट. वोल्फबाईंच्या रोलांबरोबर त्यांची गिऱ्हाइकांची वही सापडली. तीत नावे होती. त्या वहीच्या आधाराने अभ्यासकांना चेहऱ्यांपासून माणसांपर्यंत आणि त्यांच्या हयात नातलगांपर्यंत पोहोचता आले. हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 यहुद्यांपैकी 1,02,000 च्या आसपास मारले गेले. ती वही हिशेबासाठी ठेवलेली साधी वही होती. ती नसती तर हे शंभर रोल म्हणजे अनोळखी माणसांचा गठ्ठा ठरला असता.

डीमनमध्ये अश्केनाझी यहुद्यांचे मोठे कब्रस्तान आहे, 1914 पासूनचे. दगडांवरची हिब्रू अक्षरे आपल्याला वाचता येतात. नावे वाचतो, चेहरे ठाऊक नाहीत. अॅमस्टरडॅममध्ये 2021 मध्ये उभारलेल्या स्मारकाची गोष्ट तीच : प्रत्येक विटेवर एक नाव, अशा लाखाहून अधिक विटा. आपल्या घरातल्या आल्बमची गोष्ट बरोबर उलटी आहे. चेहरे आहेत, नावे नाहीत. पेण, रोहे, नवगाव सोडून मुंबई, मुंबई सोडून लोद, अश्दोद, बेर शेवा. प्रत्येक स्थलांतरात आल्बम सांभाळून आणला, पण मागची दोन वाक्ये कोणी लिहिली नाहीत. कित्येक घरांनी ‘कर’ हे आडनावही इस्राएलमध्ये बदलले. आता ‘हे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे नव्वदीला आली आहेत.

तेव्हा नवा फोटो कसा काढावा या प्रश्नाला आमचे उत्तर असे : आधी उजेड, मग नात्याची मांडणी, मग धीर, आणि शेवटी मऊ पेन्सिल. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते, म्हणून पेन्सिल. मागे डावीकडून क्रमाने प्रत्येकाचे हिब्रू नाव, घरातले हाकेचे नाव, जुने गावाचे आडनाव, तारीख आणि ठिकाण लिहा. मराठीत लिहा आणि हिब्रूतही, कारण नातवंडांना यांपैकी कोणती लिपी येईल ते आज सांगता येत नाही. मोबाइलमधल्या फोटोला मागची बाजू नसते, म्हणून एक प्रत कागदावर छापून घ्याच. आणि पेन्सिल हातात आहे तोवर येत्या शुक्रवारी आजीशेजारी बसून जुन्या आल्बमचे पहिले पान उघडा.