मीटर गप्प, म्हणून पाणी निर्दोष?

कारखान्याचे सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगे झाले, याचा पुरावा म्हणून अनेकदा एकच आकडा पुढे केला जातो : विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे ‘टीडीएस’चा. मिठासारख्या क्षारांसाठी तो उपयोगी आहे. बोरॉनच्या बाबतीत मात्र हा पुरावा कुचकामी ठरतो.

खिशात मावणारे हे मीटर क्षार मोजत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून क्षारांचा अंदाज देते. निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या धुवणाच्या पाण्यात बोरॉन असते ते बोरिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल इतके सौम्य की सामू ७ असताना त्याचे जवळजवळ सर्व रेणू विद्युतभाररहित असतात. मग ते मीटरला दिसणार कसे?

व्यस्त परासरणाचा पडदाही इथेच फसतो. मिठाचे आयन तो अडवतो. भार नसलेला हा लहान रेणू बऱ्याच प्रमाणात निसटतो. सामू १० पर्यंत वाढवला तर बोरेट आयन बनतात व अडतात. पण मग कॅल्शियमचे क्षार पडद्यावर साचू लागतात. म्हणून आधी ते काढावे लागतात. बोरॉन धरून ठेवणारी खास राळही मिळते. ती आम्लाने धुतली की तेच बोरॉन थोड्या पाण्यात गोळा होते. त्या पाण्याचे पुढे काय केले, हे न सांगणारा अहवाल अपुरा मानावा.

हा काथ्याकूट नव्हे. वनस्पतींना बोरॉन लागते, पण अगदी किंचित. लिंबाला सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक बोरॉन बाधू शकते. पानांच्या कडा करपतात. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर मोठी शेती करणाऱ्या इस्राएलने १९९९ साली कपडे धुण्याच्या पावडरींतील बोरॉनवरच टप्प्याटप्प्याने मर्यादा आणायला सुरुवात केली. उगमापाशी रोखण्याचा हा मार्ग आपल्या कारखान्यांनीही आधी तपासावा.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. ऊर्ध्वपातित पाण्याच्या दोन चंचुपात्रांत सारख्याच वजनाचे मीठ आणि बोरिक पावडर विरघळवा व मीटर बुडवा. (चव कोणीही घेऊ नये.) एकीकडे मोठा आकडा येईल, दुसरीकडे अगदी क्षुल्लक. बोरॉन मोजण्याच्या एका प्रमाणित पद्धतीत हळदीतले कर्क्युमिन वापरतात; बोरॉनशी संयोग होऊन ते लाल होते. तेव्हा ‘पाणी शुद्ध आहे’ असे कोणी म्हटले, तर कशाने तपासले, हे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.