आश्रय, शिक्षण आणि बाहेरची वाट : केडगावचे मुक्तिसदन व तीन स्त्री-आत्मकथनांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

पुणे-सोलापूर लोहमार्गावर पाटसहून पुण्याकडे निघाले की कडेठाणनंतर केडगाव स्थानक लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच. दौंड तालुक्यातील महाविद्यालयांतून शिकणारे आणि शिकविणारे आपण या वास्तूच्या इतके जवळ आहोत की तिच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याचे बहुधा राहूनच जाते. रमाबाईंविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बरेचसे दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न धर्मांतराचा आणि दुसरा स्त्रीमुक्तीच्या इतिहासातील त्यांच्या स्थानाचा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि निराधार स्त्रीला काही काळ छप्पर, अन्न आणि शिक्षण देऊन पुन्हा जीवनात उभे करणारे घर या दृष्टीने शारदासदन आणि मुक्तिसदन यांची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे.

प्रस्तुत लेखात ही चिकित्सा तीन आत्मपर ग्रंथांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. हे ग्रंथ म्हणजे रमाबाईंचे १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदन 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर', पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४). पहिला ग्रंथ घर उभारणारीचा, दुसरा घरात येऊन तेथेच कार्यकर्ती झालेलीचा आणि तिसरा घरातून बाहेर पडून संसार मांडलेलीचा आहे. आश्रयगृहाचे मूल्यमापन त्यात किती जणी आल्या यावरून करावे की त्यातून कोणत्या वाटा निघाल्या यावरून, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

संस्थापिकेचे कथन

रमाबाईंना निराधारपण ग्रंथांतून समजावून घ्यावे लागले नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली. त्यानंतर भाऊ श्रीनिवास याच्यासह त्यांनी देशभर पायी भ्रमंती केली. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती. म्हणूनच आत्मनिवेदनातील लंडनच्या फुलहॅम भागातील प्रसंग विशेष लक्षणीय ठरतो. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले घर रमाबाईंनी तेथे पाहिले. अशा स्त्रियांना शिक्षा न करता प्रेमाने वागवून पुन्हा उभे करता येते, हा अनुभव त्यांना नवा होता. त्यांच्या धर्मविचारात या प्रसंगाला जे स्थान आहे, तेवढेच त्यांच्या संस्थाविचारातही आहे. पुढे केडगावी उभे राहिलेले कृपासदन याच अनुभवाशी जोडून पाहावे लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांची सोय शहरात होणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावची शेतजमीन हाच त्यांचा निवारा झाला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवणकाम, छपाई, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा अशी कामे तेथे शिकविली जात. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाची सोय मनोरमाबाईंनी केली. त्या काळात स्त्रियांना छापखान्यापासून शेतीपर्यंतची कामे शिकविणे हे केवळ दयाकार्य नव्हते. स्वतःच्या श्रमावर जगता येते हा विश्वास त्यामागे होता.

असे असूनही आत्मनिवेदनाचा सारा ओघ आध्यात्मिक प्रवासाकडे जातो. रहिवासी स्त्रिया त्यात प्रायः समूह म्हणून येतात. त्या वाचविल्या गेल्या, शिकल्या, श्रद्धेकडे वळल्या हे कळते. पण एखादी स्त्री मुक्तिसदन सोडून कोठे गेली आणि तेथे तिचे कसे निभले, याकडे कथन वळत नाही. संस्थापकाच्या लेखनाची ही स्वाभाविक मर्यादा होय. त्याच्या दृष्टीने प्रवेश हाच उत्कर्षबिंदू असतो.

बाहेर पडलेलीचे कथन

'माझे पुराण'ची रचना नेमकी उलट आहे. गोदूबाई बालविधवा. बंधू नरहरपंत जोशी यांनी त्यांना शारदासदनात आणले. सदनात दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन पुण्यास आल्यावर त्याही पुण्यास आल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. येथे सदन हा दीर्घ आयुष्यातील एक मुक्काम आहे. त्याच्या आधी सासरचे कष्ट आहेत आणि नंतर संसार, बहिष्कार व लोकसेवा आहे.

बहिष्काराचा हा भाग या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. विवाहानंतर कर्व्यांच्या मुरूड गावाने कुटुंबाला वाळीत टाकले. म्हणजे सदनाने गोदूबाईंना तयार केले तरी त्यांना सामावून घेण्यास समाज तयार नव्हता. पुनर्वसनाचा अर्थ व्यक्तीला सुधारणे एवढाच घेतला तर हा अनुभव दृष्टीआड होतो. घरातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीबरोबर बाहेरचे गावही बदलावे लागते, हे या आत्मकथनातून जितके स्पष्ट होते तितके संस्थांच्या अहवालांतून क्वचितच होते.

राहिलेलीचे कथन

पार्वतीबाई आठवले या आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमात त्या आल्या आणि पुढे आश्रमाच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या देशभर फिरल्या. इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी चरितार्थ चालविला. आश्रयार्थी म्हणून आलेली स्त्री संस्थेची आधारस्तंभ होते, ही तिसरी वाट होय. ही वाट गौरवास्पद आहे. परंतु ती सर्वांसाठी असू शकत नाही, कारण कोणतीही संस्था आपल्या सर्व रहिवाशांना कार्यकर्त्या म्हणून सामावून घेऊ शकत नाही.

कर्व्यांनी विधवाविवाहाचे कार्य आश्रमापासून वेगळे ठेवले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्यांनी स्वतः पुनर्विवाह केला असला तरी आश्रमातील स्त्रीवर विवाहाचा उद्देश लादला नाही. यात लोकापवाद टाळण्याचे धोरण होते, हे खरे. पण आश्रय आणि संस्थापकाचे मत यांत अंतर राखण्याचे एक तत्त्वही त्यातून प्रस्थापित झाले.

संमतीचा प्रश्न

या तत्त्वाच्या कसोटीवर शारदासदनाचा १८९३ चा वाद पुन्हा तपासावा लागतो. मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळविले जात असल्याचा आक्षेप आला. 'केसरी'ने टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाचे वर्णन सामान्यतः रमाबाई विरुद्ध पुण्यातील धुरीण असे केले जाते. परंतु दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. मुलीला काय हवे, हा प्रश्न तेथे निर्णायक नव्हता. रमाबाई कोणावर सक्ती करीत नव्हत्या असे मानले, तरी जिला दुसरे छप्पर नाही तिचा होकार पूर्णतः मोकळा कसा समजावा? त्याचप्रमाणे पालकांनी हात धरून परत नेलेल्या विधवेचे जाणे हेही तिचे स्वातंत्र्य नव्हते.

केडगावला तर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. दुष्काळातून आलेल्या मुलींना परत न्यायला बहुधा कोणीच नव्हते. यावरून रमाबाईंच्या कार्याला कमीपणा येत नाही. त्या मुलींपुढे मृत्यू किंवा विक्रय हेच पर्याय असताना मुक्तिसदनाने त्यांना जगविले, ही गोष्ट कोणत्याही टीकेपेक्षा मोठी आहे. पण जगविण्याचे ऋण हा संमतीचा पर्याय होऊ शकत नाही, हेही समीक्षकाने नोंदविले पाहिजे.

आजचे संदर्भ

स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी काही अंशी शासनाने स्वीकारली. १९६९ मधील अल्पमुदत निवासगृहे, २००१-०२ मधील 'स्वाधार', पुढे दोहोंच्या एकत्रीकरणातून आलेली 'स्वाधारगृह' योजना आणि २०२२ पासून 'मिशन शक्ती'अंतर्गत 'शक्ती सदन' असा हा क्रम आहे. स्वाधारगृहाच्या नियमांत कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रीला एक वर्षापर्यंत आणि इतर बहुतेक गटांना तीन वर्षांपर्यंत राहण्याची मुभा होती. मुक्तिसदनाने मुदत न घालता आधार दिला, शासनाने मुदत घातली. पहिल्यात परावलंबन कायम होण्याचा धोका आहे, तर दुसऱ्यात तयारी होण्याआधीच दार बंद होण्याचा. दोन्हींचे उत्तर वर्षांच्या संख्येत नाही. बाहेर काम, भाड्याची खोली आणि ओळखीचे माणूस मिळेपर्यंत सोबत कोण करणार, या प्रश्नात ते आहे.

निष्कर्ष

तिन्ही ग्रंथ एकत्र वाचले असता असे दिसते की आश्रयगृहाचा इतिहास संस्थापकाच्या लेखणीतून अर्धाच कळतो. उरलेला अर्धा भाग तेथून निघालेल्या आणि तेथेच राहिलेल्या स्त्रियांच्या कथनांत आहे. गोदूबाई आणि पार्वतीबाई लिहित्या झाल्या म्हणून त्यांच्या वाटा आपल्याला दिसतात. केडगावच्या शेकडो दुष्काळग्रस्त मुलींना अशी संधी लाभली नाही. त्यांचे मौन हे समाधानाचे किंवा तक्रारीचे लक्षण समजणे सारखेच चुकीचे ठरेल. पाटस-दौंड परिसरातील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांसह या परिसरातील मौखिक आठवणी संकलित करण्याचे काम हाती घेतल्यास हे मौन थोडे तरी भेदता येईल. आश्रयगृहाचे दार आत येताना किती उघडते याबरोबरच बाहेर जाताना ते कोठे उघडते, ही कसोटी समीक्षेनेही आणि धोरणानेही स्वीकारणे अगत्याचे आहे.