‘कणा’ : पुरात काय न्यायचे, हे कोण ठरवते?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या पूरविषयक सूचनांमध्ये घर सोडताना बरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी असते : पिण्याचे पाणी, कोरडे खाणे, औषधे, बॅटरी, महत्त्वाची कागदपत्रे. उरलेले सामान पलंगावर, टेबलावर चढवावे, असेही त्यात सांगितलेले असते. या यादीमागे एक गृहीत आहे. पाणी येण्याआधी थोडा वेळ मिळेल आणि काय न्यायचे ते घरातला माणूस ठरवील. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत हे गृहीतच नाही. तिथे पूर येऊन गेलेला आहे आणि काय न्यायचे ते नदीने ठरवले आहे.

ही कविता आपण बहुतेक जण शाळेत जिद्दीची कविता म्हणून शिकतो. चिखलाने माखलेले कपडे, केसांवर पाणी अशा अवस्थेत एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो, घर गेल्याचे सांगतो, पैसे नाकारतो आणि पाठीवर हात मागतो. शेवट इतका गाजला, की मधला हिशेब आपण घाईने ओलांडतो. खरे तर कवितेचा जीव त्या हिशेबात आहे.

हिशेबाचा क्रम पाहावा. भिंत, चूल आणि मग एका झटक्यात जे काही होते ते सगळे. वस्तूंची नावे नाहीत. सरकारी यादीत प्रत्येक वस्तू वेगळी मोजलेली असते. इथे मोजण्याजोगे काही उरलेलेच नाही. तरीही हा माणूस तक्रार करत नाही. तो नदीला पाहुणी करतो, माहेरवाशीण करतो. नाशिकला गोदावरीला गंगा म्हणण्याची रीत आहे आणि कुसुमाग्रज नाशिकचे, त्यामुळे ‘गंगामाई’ हा शब्द तिथल्या बोलण्यातूनच आलेला आहे. माहेरी आलेल्या लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते, तिची ओटी भरायची असते. नदीने ओरबाडून नेलेला संसार या रीतीत बसवला, की तो आहेर होतो. लुबाडला गेलेला माणूस यजमान ठरतो. डोळ्यांतल्या पाण्याला तो प्रसाद म्हणतो, तेव्हा देण्याघेण्याचा व्यवहार त्याच्या बाजूने पुरा होतो. निवड करण्याचा जो हक्क पुराने हिरावला, तो त्याने भाषेतून परत घेतला आहे.

शेवटही मग वेगळा दिसू लागतो. सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो उठतो. सारे वाहून गेल्यावर पहिल्यांदाच त्याच्यापुढे काय न्यायचे हा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. पैसे ठेवून तो पाठीवरचा हात आणि एक शब्द नेतो. जिद्द आहेच, पण ती निवडीच्या रूपाने आली आहे, भाषणाच्या नव्हे.

कन्नड भाषकांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. माहेराला तिकडे ‘तवरु’ म्हणतात, ओटी भरण्याला ‘मडिलु तुंबुवुदु’. धरण किंवा तलाव भरला की पाण्याला ‘बागिन’ अर्पण करतात. पण बेंगळुरूच्या पुराला ही प्रतिमा लावून पाहिली, की ती अडते. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहरात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पडला. सर्जापूर रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्हसारख्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. कोणी पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन ऑफिसला निघाले होते, कोणी पाळीव कुत्र्याला घेऊन. महागड्या गाड्या पाण्यात राहिल्या. इथे घरच्यांना निवडीला काही वेळ तरी मिळाला होता. शिवाय हे पाणी पाहुणे म्हणून आलेले नव्हते. बेंगळुरूत मोठी नदी नाही. एका तलावाचे जादा पाणी राजकालुवे या नाल्यांतून खालच्या तलावात जावे, अशी जुनी रचना आहे. नाले अरुंद झाले, बुजले, काहींवर बांधकामे उभी राहिली. पूर ओसरल्यावर महापालिकेने ती अतिक्रमणे पाडायला घेतली. पाहुणे कोण, हा प्रश्न तिथे उलटा विचारावा लागतो.

‘कणा’ची मर्यादा इथे स्पष्ट होते. नदीला माहेरवाशीण म्हटले, की पुराचा जाब कोणालाच विचारता येत नाही. लेकीवर रागावायचे कसे? कवितेला ही उणीव जाणवत नाही, कारण तिचे सारे लक्ष एका माणसाच्या मानाकडे आहे. तिच्यापुरते ते योग्यही आहे. पण पूरग्रस्तांच्या सभेत ही कविता म्हणून दाखवली जाते, तेव्हा नुकसानीचा प्रश्न हिंमतीच्या प्रश्नात विरघळून जातो. त्याचा दोष कवितेपेक्षा ती वापरणाऱ्यांकडे जास्त जातो.

दुसरी गोष्ट मात्र कवितेच्या आतलीच आहे. हिशेबात बायको येते ती वाचलेल्यांमध्ये, चुलीच्या आणि भिंतीच्या जवळपास. पुढे तीही नवऱ्याबरोबर चिखल काढते, भिंत बांधते. पण सरांकडे नवरा एकटाच येतो आणि पाठीवर हात एकालाच मिळतो. विझलेली चूल तिच्या रोजच्या कामाची होती. घडीभर वेळ मिळाला असता तर तिने त्या घरातून काय उचलले असते, हे सर विचारत नाहीत आणि नवराही सांगत नाही.