'नाही'चं बटण कुठे आहे?

लोकसहभागाचं कुठलंही अ‍ॅप हातात आलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो: इथे 'नाही' कुठे म्हणायचं? फॉर्म आणि ड्रॉपडाउन बनवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे नजर तिकडेच जाते. सूचना पाठवायला बटण असतं, फोटो चढवायलाही असतं. 'थांबा, आम्हाला हे अजून समजलेलं नाही' एवढं सांगायला मात्र जागा सापडत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न नुसता डिझाइनचा राहत नाही. 24 एप्रिल 2020 रोजी ई-ग्रामस्वराज सुरू झालं. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कोणती कामं आहेत, पैसा कशावर गेला, हे आता कुणीही मोबाइलवर पाहू शकतं. हा फायदा मोठा आहे. पण या व्यवस्थेचं एकक ग्रामपंचायत आहे. 1996चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात एखाद्या वस्तीला, टोल्यालाही गाव मानतो. त्या गावाची स्वतःची ग्रामसभा असते. म्हणजे कायद्यातलं गाव वेगळं आणि डेटाबेसमधलं वेगळं. टोल्याचा ठराव पंचायतीच्या यादीत शिरला की तो नेमका कुणाचा होता, हेच हरवू शकतं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अ‍ॅपला एकेकटा युजर कळतो, सभा कळत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुन्हा चर्चेला येतो. अभ्यासगटात बसून माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकारांना विचारायचं, पण ठरवायचं ग्रामसभेनंच. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा कित्येक वर्षांच्या बैठका आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आणखी बोलकं आहे. 2012 मध्ये वनहक्क मिळाल्यावर या गावानं तेंदूपानं तोडायची नाहीत असं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटतात, जंगलात आगी लावतात, त्यात झाडाचं आणि फळांचं नुकसान होतं. म्हणून हाताशी असलेला पैसा गावानं सोडला. 'उत्पन्नाचा कोणता मार्ग हवा?' असा ऑनलाइन सर्व्हे घेतला असता तर तेंदू बहुधा पहिल्या तिनांत आला असता. एकटा माणूस घरचा हिशेब बघून टिक करतो. जंगलाचा हिशेब मांडायला सगळ्यांना एकत्र बसावं लागतं.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढे आहे. वनहक्क नियमांच्या 2012च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरला जातो. आणि उपग्रहाची चित्रं इतर पुराव्यांना पूरक असतील, त्यांची जागा घेणार नाहीत, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग अ‍ॅप नकोच का? तसं नाही. बार्सिलोनानं 2016 मध्ये 'डेसिडिम' हे व्यासपीठ सुरू केलं. त्याचा कोड खुला आहे आणि ऑनलाइन सूचनांबरोबर प्रत्यक्ष बैठकांचीही नोंद त्यात होते. आपल्याकडेही टोल्याला स्वतःचा कोड देता येईल. गणपूर्ती झाल्याशिवाय आराखडा अपलोड होऊ नये, अशी अट घालता येईल. लिहिता न येणाऱ्या आजीचं म्हणणं गोंडीत किंवा माडियात रेकॉर्ड करता येईल. असहमतीसाठी वेगळा रकाना ठेवता येईल. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं. तो रकाना भरला गेला तर काम थांबवायची तयारी कुणाची आहे? एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला आहे. रस्ता, नाली, समाजमंदिर यांच्या ड्रॉपडाउनमध्ये तो विरोध कुठे बसवायचा? पुढच्या वेळी कुणी तुम्हाला लोकसहभागाचं अ‍ॅप दाखवलं, तर किती लोकांनी लॉगइन केलं हे विचारू नका. लोकांच्या 'नाही'मुळे आजवर काय थांबलं, ते विचारा.