‘अभिलेख आढळून येत नाहीं’ : माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें परीक्षण

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा कांहीं ग्रंथ नव्हे. मग त्याचें परीक्षण या त्रैमासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. परंतु स्वातंत्र्योत्तर काळाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास सरकारी कचेरीचें कुलूप ज्या किल्लीनें उघडावयाचें ती हीच, आणि तिचे दांते संशोधकांनीं अद्याप नीट तपासलेले दिसत नाहींत.

कायद्याचें नांव ‘माहिती’चें, पण हातीं येतो तो कागद. ‘अमुक शाळेचें अनुदान कां बंद झालें?’ या प्रश्नास उत्तर रचून देण्यास अधिकारी बांधलेला नाहीं. जें लेखरूपानें ताब्यांत आहे तेंच द्यावयाचें, नवें तयार करावयाचें नव्हे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें. म्हणून कारण न विचारतां संचिका मागावी, तींतील टिप्पणी मागावी, त्या वर्षाची आवक-जावक नोंदवही पाहावयास मागावी. महाराष्ट्रांत २०१२ सालीं अर्जास १५० शब्दांची व एका विषयाची मर्यादा घातली गेली, तिला पुष्कळांनीं नांवें ठेविलीं. ज्यास कागदाचें नांव ठाऊक आहे त्यास पन्नास शब्दही पुरतात. तें नांव कळावें कसें, हा खरा प्रश्न.

कायदेकर्त्यांस हें सुचलें नव्हतें असें नाहीं. अर्ज कलम ६ मध्यें, ३० दिवसांची मुदत कलम ७ मध्यें. त्यांच्याही आधीं कलम ४ च्या आरंभींच, प्रत्येक कचेरीनें आपल्या अभिलेखांची सूचि व निर्देशिका सिद्ध ठेवावी, अशी आज्ञा आहे. परंतु कलम २० पाहावें. उशीर केल्यास दर दिवशीं २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. सूचि न केल्यास दंड कांहींच नाहीं. आयोगास सुधारणेचा आदेश देतां येतो हें खरें, पण ज्या आज्ञेवर बाकीचा कायदा उभा तीच दंडावांचून राहिली.

सूचीचें महत्त्व आमच्या वाचकांस नवें नाहीं. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे ४५ खंड छापून काढिले, ते उपकार मोठे. तरी ते ‘निवडलेले कागद’च होत. निवड निवडणाऱ्याच्या दृष्टीनें होते, यादी कोणाचीही दृष्टि मानीत नाहीं.

आजची निवड याहून निराळी व अधिक दारुण आहे. कलम ८(३) प्रमाणें २० वर्षांपूर्वींच्या घटनेस बहुतेक अपवाद लागू पडत नाहींत. सार्वभौमत्वादि हितसंबंध, विधिमंडळाचा विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद एवढे तीनच उरतात. वैयक्तिक माहितीचा अपवाद २०२३ च्या अधिनियमानें पुष्कळ रुंदावला, पण तो या तिघांत बसत नाहीं. इतिहासकारास याहून उदार कलम कोणतें हवें? परंतु आमच्या कचेऱ्यांतील निंदणीकरणांत ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १०, ‘क-१’ ५ आणि ‘ड’ अवघ्या एका वर्षाचा. म्हणजे विसाव्या वर्षीं दार उघडतें तेव्हां खालच्या तिन्ही वर्गांचीं फडताळें नियमानेंच रिकामीं झालेलीं असतात. कोणता कागद कोणत्या वर्गांत गेला, हें कोणा इतिहासज्ञास विचारून ठरलेलें नसतें.

एका कचेरीनें मजला एका जुन्या शाळेच्या अनुदानाविषयीं एका ओळीचें उत्तर धाडिलें : ‘सदर अभिलेख आढळून येत नाहीं.’ या वाक्यास व्याकरणदृष्ट्या शोधणारा कर्ताच नाहीं. कोणीं शोधिलें, कोठें, केव्हां? नाश केला असेल तर कोणाच्या आज्ञेनें? याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी हीं प्रमाणें सांगून त्यांच्या अभावीं दिव्य सांगितलें; अर्जदारास आज तेंच करावें लागतें. वस्तुतः जो कागद एकदां दप्तरांत होता तो ‘सांपडत नाहीं’ एवढ्यावर नाकारतां येत नाहीं, कसून शोध व प्रसंगीं चौकशी झाली पाहिजे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें दिला आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानें तर १८९२ पूर्वींचा कागद, तो अगदींच निरुपयोगी झाल्याचें महासंचालकांचें मत पडल्यावांचून, नष्ट करण्यास मनाई केली असून नियमबाह्य नाशास पांच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. राज्याचा या विषयावरील कायदा २००५ चा आहे.

तेव्हां असें उत्तर आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करावें, आणि वेगळ्या अर्जानें त्या शाखेच्या नाश केलेल्या अभिलेखांची नोंदवही मागावी. तींत संचिकेची नोंद निघाली, तर निदान ती कोणत्या सालीं व कोणत्या वर्गांतून गेली हें लिहितां येईल. न निघाली, तर शोध पुरा झाला नाहीं असें अपिलांत म्हणण्यास आधार मिळेल.