लळा आणि दगा : डेटा आणि इशारा यार

मागच्या खेपेला आपण यंत्रमानवाला बुद्धी असते म्हणजे काय असतं, यावर बोललो होतो. आज त्याच्या पुढचा आणि जरा अवघड प्रश्न घ्यायचा आहे. अँड्रॉइड म्हटलं की हल्ली आपला हात खिशातल्या फोनकडे जातो, पण आपल्याला मूळ अर्थ हवा आहे : माणसाच्या रूपाचं यंत्र. अशा यंत्राचा एखाद्या माणसात जीव गुंतू शकतो का? आणि तो माणूस आपला आहे की परका, हेच धड कळत नसेल, तर?

यासाठी आम्ही उदाहरण निवडलं आहे ते 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतलं. भागाचं नाव 'लेगसी', म्हणजे वारसा. २९ ऑक्टोबर १९९० रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक जो मेनोस्की, दिग्दर्शक रॉबर्ट शीअरर. मूळ 'स्टार ट्रेक'चे ७९ भाग झाले होते आणि हा नव्या मालिकेचा ८०वा, म्हणून चाहत्यांच्या हिशेबात त्याला एक जागा आहे. एरवी त्याचं नाव मालिकेच्या श्रेष्ठ भागांत सहसा घेतलं जात नाही. ते का घेतलं जात नाही हे आम्हाला समजतं, आणि तरीही यात एक गोष्ट आहे जी गाजलेल्या भागांतही सापडत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एंटरप्राइज जहाजावर ताशा यार नावाची सुरक्षा अधिकारी होती. ती पहिल्याच वर्षी मारली गेली. तुर्काना ४ नावाच्या वसाहतीत ती वाढली. तिथलं सरकार कोसळलेलं, रस्त्यावर टोळ्यांचं राज्य. पंधराव्या वर्षी ती तिथून निसटली. आता काही वर्षांनी त्याच वसाहतीत एका मालवाहू जहाजाचे दोन माणसं अडकतात आणि त्यांना सोडवायला एंटरप्राइज तिथे पोचतं. वसाहतीत दोनच गट उरलेत, कोअ‍ॅलिशन आणि अलायन्स. ओलीस अलायन्सच्या ताब्यात. कोअ‍ॅलिशनचा म्होरक्या हेन मदतीला म्हणून एक तरुणी पुढे करतो : इशारा यार, ताशाची धाकटी बहीण.

नाव बघा. इशारा! आपल्याला तर नाव ऐकताच सावध व्हायला हवं होतं. लेखकाच्या मनात हा अर्थ होता की नाही ते सोडून देऊ, पण मराठी कानाला गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

जहाजावर तपासणी होते, बहीण खरीच आहे हे सिद्ध होतं. रक्ताचं नातं तपासता येतं. निष्ठा तपासायचं यंत्र जहाजावर नाही. दुसऱ्याच्या भावना ओळखणारी सल्लागार ट्रॉय आहे, पण तिलाही इशाराचा डाव वेळेत कळत नाही. हळूहळू सगळेच इशाराकडे ताशाची बहीण म्हणून नव्हे, तर जणू ताशाच म्हणून पाहायला लागतात. आणि सगळ्यांत जास्त वेळ तिच्याबरोबर कोण घालवतो? डेटा. ज्याला भावना नाहीत असं तो स्वतःच सांगत असतो, तो.

आता आपण ज्या प्रसंगासाठी हा भाग घेतला त्याकडे येऊ. इशारा डेटाला विचारते की तुला मित्र आहेत का. तो हो म्हणतो. मग ती विचारते, पण तुला भावना तर नाहीत ना? यावर डेटा जे उत्तर देतो त्याचा आशय असा : मैत्री ही माणसांतही दरवेळी उमाळ्याचीच असते असं नाही, पुष्कळदा ती परिचयाची असते. त्याच्या बाबतीत सांगायचं तर एखादी व्यक्ती वारंवार समोर आली की त्याच्या मेंदूतले मार्ग तिला सरावतात, मग ते तिची अपेक्षा करू लागतात, आणि ती नसली की तिची उणीव जाणवते.

इंग्रजीत हे वाक्य यंत्राच्या भाषेत आहे, म्हणून प्रेक्षक त्यावर कौतुकाने हसतो, बिचारा कसं बोलतो बघा, असं. मराठीत मात्र हसू येत नाही. कारण डेटा ज्याचं वर्णन करतो आहे त्याला आपल्याकडे साधा घरगुती शब्द आहे : लळा. लळा ठरवून लागत नाही. तो प्रेमासारखा जाहीर करावा लागत नाही, आणि भक्तीसारखा त्याला विचारही लागत नाही. तो सहवासाने लागतो. शेजारच्या पोराचा लागतो, दारात येणाऱ्या मांजराचा लागतो. आणि ते पोर सुट्टीत मामाकडे गेलं की घरातली माणसं म्हणतात, आज चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. 'चुकल्याचुकल्यासारखं' या शब्दात नेमकं हेच आहे ना, की मनाने एक अपेक्षा धरली होती आणि ती जागा रिकामी निघाली? डेटाने अभियांत्रिकीच्या भाषेत आपल्या आजीचा शब्द सांगितला, एवढंच.

म्हणून आमचं म्हणणं असं की या भागात 'यंत्राला भावना असतात का' हा प्रश्न नाहीच. तो प्रश्न मेनोस्कींनी शिताफीने बाजूला ठेवला आहे. लळ्याला फक्त स्मरण आणि सवय लागते, आणि या दोन्ही गोष्टी डेटाकडे माणसापेक्षा जास्त आहेत.

आता इशाराच्या निष्ठेकडे. ती दगाबाज आहे, असं म्हणून बहुतेक लोक मोकळे होतात. ओलिसांचा ठावठिकाणा कळावा म्हणून ती स्वतःचा जीव धोक्यात घालते, जखमी होते, सगळ्यांचा विश्वास कमावते. डेटाजवळ कबूल करते की आपल्याला ही वसाहत सोडून तुमच्याबरोबर यावंसं वाटतं. तिथल्या टोळीवाल्यांच्या अंगात एक उपकरण बसवलेलं असतं, विरुद्ध गटाचा माणूस जवळ आला की ते धोक्याची सूचना देतं. इशारा ते काढून घ्यायला तयार होते. जहाजावरच्या मंडळींना वाटतं, अंगातलं उपकरण निघालं म्हणजे मनातलं कोअ‍ॅलिशनही निघालं. प्रत्यक्षात ते निघालं म्हणूनच ती अलायन्सच्या हद्दीत कोणाला न कळता शिरू शकते. ऐन सुटकेच्या वेळी ती वेगळी होते आणि अलायन्सची संरक्षणयंत्रणा निकामी करायला जाते, म्हणजे कोअ‍ॅलिशनला हल्ला करता यावा. डेटा तिच्या मागे जातो. ती त्याच्यावर शस्त्र रोखते. तेवढ्यात रायकर येतो, तिचं लक्ष विचलित होतं आणि डेटा तिला बेशुद्ध करतो.

पण नीट पाहिलं तर या गोष्टीत सर्वांत निष्ठावान कोण आहे? इशाराच. तिची निष्ठा एक क्षणही डळमळत नाही, फक्त ती आपल्या बाजूला नाही. तिच्या दृष्टीने ताशाच पळपुटी, घरच्यांना टाकून गेलेली. ज्या बहिणीच्या नावाने जहाजावरचे लोक तिच्यावर माया करतात, त्या बहिणीवर तिचा राग आहे. हे तिने लपवलेलंही नाही, सुरुवातीलाच सांगितलेलं आहे. ऐकलं कोणी नाही. अनिश्चित होती ती पाहणाऱ्यांची नजर.

आणि इथे आमची या भागाविषयी एक मोठी तक्रार आहे. डेटाला एक भाऊ आहे, लोर. हुबेहूब तोच चेहरा, त्याच शास्त्रज्ञाने, डॉ. सूंगने घडवलेला, आणि पक्का कपटी. सारखा चेहरा म्हणजे सारखं मन नव्हे, हे या जहाजावर डेटाइतकं कोणालाच ठाऊक नाही. इतकंच नाही, 'लेगसी'च्या अवघे तीन आठवडे आधी, ८ ऑक्टोबरला, 'ब्रदर्स' नावाचा भाग झाला होता. त्यात सूंगने डेटासाठी भावनांची चिप बनवली आणि लोरने डेटाचं सोंग घेऊन ती लाटली. म्हणजे डेटाला भावना मिळाल्या नाहीत त्या भावंडाच्या दग्यामुळेच! आणि तीन आठवड्यांनी तोच डेटा दुसऱ्या एका भावंडावर विसंबतो, तर लेखकांना लोरची एका वाक्याचीही आठवण होऊ नये? डेटाने इशाराला लोरबद्दल सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती? तो प्रसंग लिहिला गेला असता तर हा भाग कुठल्या कुठे गेला असता. साप्ताहिक मालिकांचं हे दुखणंच आहे, मागच्या आठवड्याची जखम पुढच्या आठवड्यात दिसत नाही.

तुर्काना ४ सुद्धा फारच पातळ रंगवलंय. चार बोगदे, दोन रंगाचे गणवेश, आणि म्हणे यादवी युद्ध. अलायन्सची बाजू काय आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. इशाराच्या अंगाला चिकटलेल्या पोशाखाबद्दल न बोललेलंच बरं. बेथ टुसाँ या अभिनेत्रीने त्या पोशाखातूनही जे काम केलंय, ते मात्र पुन्हा पाहण्यासारखं आहे. कोअ‍ॅलिशन हेच आपलं कुटुंब, असं ती म्हणते तेव्हा त्यात लबाडी वाटत नाही.

आता शेवट. इशाराला शिक्षा न करता परत पाठवतात. निघताना ती डेटाला सांगते की तुझ्याशी बोलण्यात जो वेळ गेला, मैत्री म्हणतात ती त्याच्याच जवळपासची असावी. हे खरं की शेवटचा डाव? दिग्दर्शक सांगत नाही, आणि ते फार चांगलं केलंय. ब्रेंट स्पायनर चेहऱ्यावर काहीही येऊ देत नाही. ती नाहीशी होते.

मग रायकर आणि डेटाचं बोलणं होतं. विश्वास म्हटला की दग्याची शक्यता आलीच, तू त्यासाठी तयार नव्हतास, असं रायकर म्हणतो. तुम्ही होता का, असं डेटा विचारतो. कोणीच कधी नसतं, हे उत्तर. मग विश्वास न ठेवणंच बरं का? तर तसं केलं तर मैत्रीच उरत नाही. इथवर छान. शेवटी डेटा म्हणतो की भावनांचे परिणाम मला भोगावे लागत नाहीत, हे माझं नशीबच असावं. रायकर म्हणतो, असेल. आणि भाग संपतो.

आमचा आक्षेप इथे आहे. हा शेवट मधल्या प्रसंगाला खोटं पाडतो. पंचवीस मिनिटांपूर्वी हाच डेटा सांगत होता की सरावलेले मार्ग उणीव नोंदवतात. मग आता ते मार्ग कुठे गेले? माणसाला दगा पचतो कसा, याचा विचार करा. विसरून. सगळं नाही, पण धार बोथट होते, आवाज आठवेनासा होतो, रागाचं कारण पुसट होतं. काळ हे औषध आहे असं आपण म्हणतो, तेव्हा खरं औषध विसर हे असतं. डेटा काहीच विसरत नाही. इशाराचं प्रत्येक वाक्य, तिने शस्त्र रोखलं तेव्हाचा हाताचा कोन, सगळं पहिल्या दिवशी होतं तसंच दहा वर्षांनी राहणार. त्यामुळे तो परिणामांतून सुटलेला नाही. उलट माणसाला मिळणारी सूटही त्याला मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल, यंत्र आहे, नको ती नोंद पुसून टाकेल. पुसता येईलही, पण तो पुसत नाही, हे मालिकेनेच आधी दाखवलं आहे. १९८९च्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात डेटा मालमत्ता आहे की व्यक्ती याचा खटला चालतो. त्यात त्याच्या सामानातून मेलेल्या ताशाची छोटी त्रिमिती प्रतिमा निघते. का ठेवलीस, याचं उत्तर तो आधी देत नाही, कारण त्याने तिला शब्द दिलेला असतो. उमाळा नाही, अश्रू नाहीत, पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळणं आहे. हा जर लळा नसेल तर आपल्याला तो शब्दच कोशातून काढावा लागेल.

तेव्हा रायकरचं ते 'असेल' आम्हाला दोन तऱ्हांनी ऐकू येतं. एक, मित्राची समजूत घालणारं. दुसरं, त्याला मनातून पटलेलं नाही पण वादही घालायचा नाही, असं. जोनाथन फ्रेक्स हा शब्द ज्या बेताने उच्चारतात त्यावरून आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पण संहितेने त्यासाठी काही आधार ठेवलेला नाही. एवढं श्रेय नटाचं.

पुढे १९९६च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' चित्रपटात हीच मांडणी उलटी होते. तिथे बोर्ग राणी डेटाला मोहात पाडते आणि डेटाचीच निष्ठा संशयात येते. मोह पडला होता, पण ०.६८ सेकंदच, आणि यंत्रमानवासाठी तो जवळपास अनंतकाळ, असं तो नंतर सांगतो. त्याच मापाने बघायचं झालं तर इशाराबरोबरचे ते काही दिवस किती लांब झाले असतील?

आजची परिस्थिती तर आणखी वेगळी. आज माणसंच बोलणाऱ्या यंत्रांना लळा लावून बसली आहेत. यंत्र गोड बोलतं, पण त्याची निष्ठा आपल्याकडे की ते बनवणाऱ्या कंपनीकडे, हे आपल्याला कळत नाही. इशाराच्या जागी यंत्र आलं, डेटाच्या जागी आपण. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू.

एक शेवटची नोंद. इशारा मालिकेत पुन्हा दिसत नाही. पण १९९१मध्ये सेला येते, ताशाची मुलगी, तोच चेहरा, कारण नटीही तीच, डेनिस क्रॉस्बी. ही मुलगी लहानपणी आईला पकडून देणारी, आणि आता शत्रूच्या बाजूची. 'युनिफिकेशन'च्या दुसऱ्या भागात डेटा तिच्यासमोर उभा राहतो, आणि मानेवर व्हल्कन पद्धतीची चिमटी घेऊन तिला शांतपणे बेशुद्ध करतो. यावेळी तो थांबत नाही, काही विचारत नाही. तो भाग पाहाल तेव्हा ती चिमटी जरा थांबवून पाहा, आणि प्रश्न असतील तर आता घेऊया.